हिचं कॅल्शियम

३ मार्च, सोमवार

घरात बोलायला माणूस आहे, पण त्या माणसाला माझ्याशी बोलायचं नाही. म्हणून लेकीने मागे दिलेली ही कोरी डायरी काढून बसलोय.

हिला काय झालंय ते कळत नाही. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. या काळात भांडणं झाली, अबोले झाले, पण ही अशी कधीच नव्हती. ही पोहण्याच्या तलावावर शिकवते. लहान मुलांना नाही, मोठ्या माणसांना, आणि तेही ज्यांना पाण्याची भीती वाटते अशांना. तिथे सगळे हिला कोच म्हणतात. मागच्याच गल्लीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. "पाय सोडा! सोडा हो, पाणी कुठे पळून जात नाही!" हे मला दुकानात बसून ऐकू यायचं. हल्ली येत नाही. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, कोच आता खुर्चीत बसून शिकवतात. कोच आणि खुर्ची! मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

घरी आली की आडवी होते. काही विचारलं तर चिडते, नाहीतर डोळ्यांत पाणी. पाण्याची बाटली उशाशी, सारखी तहान, सारखं उठणं. कंबर दुखते, पाय दुखतात, पोट साफ होत नाही. मागच्या वर्षी मूतखडा झाला होता, तेव्हा निदान चिडायला कारण तरी होतं. आता विचारलं की एकच उत्तर, "वय झालं." अठ्ठावन्न हे काय वय आहे?

माझा अंदाज असा की मी रविवारीही दुकानात जातो, त्याचा हा राग आहे.

८ मार्च, शनिवार

रागच आहे. आज खात्री पटली.

सकाळी मला कपडे धुण्याच्या मशिनसमोर उभं केलं. "पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. पावडर इथे, एवढीच. आता तुम्ही सांगा."

म्हटलं, "मी कशाला सांगू? तू आहेस ना!"

"सांगा म्हटलं ना!"

सांगितलं. मागच्या आठवड्यात भात लावायला शिकवला. त्याआधी विजेचं बिल कुठे भरायचं, गॅस संपला तर कुणाला फोन करायचा. काही चुकलं तर ओरडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगते, त्याचीच जास्त धास्ती वाटते. एकेका कामातून हात काढून घेतेय. म्हणजे साठीला आलेल्या माणसाला स्वावलंबनाची शिक्षा.

पण भात चांगला झाला होता, हे लिहून ठेवतो.

१६ मार्च, रविवार

दुकान बंद ठेवलं. हिला सांगितलंही, "आज तुझ्यासाठी बंद ठेवलंय." तर म्हणाली, "कशाला?" म्हणजे राग त्याचा नाही. मग कशाचा?

लेक आली होती. मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या, मी गेलो तशा गप्प झाल्या. लेकीने आम्हा दोघांची रक्ततपासणी ठरवून टाकलीय. मी लगेच हो म्हटलं, कारण मला हल्ली छातीत डाव्या बाजूला अधूनमधून काहीतरी होतं. ही मात्र तयार नव्हती. "जे आहे ते आहे. तपासून काय होणार?" लेकीने हात धरून नेलं.

लॅबमधल्या मुलीने फोन नंबर विचारला. हिने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. माझ्याकडे बघितलं. मी नंबर सांगितला. परत येताना रस्ता ओलांडला तरी हिने माझा हात सोडला नाही. बहुतेक राग उतरतोय.

१९ मार्च, बुधवार

रिपोर्ट आले. माझा आधी बघितला. माझं सगळं उत्तम, फक्त युरिक ॲसिड किंचित वर. छातीतलं ते बहुतेक गॅस असावा. जरा निराशाच झाली.

हिच्या रिपोर्टमध्ये एकच आकडा ठळक अक्षरात होता. कॅल्शियम वाढलेलं. मला आनंद झाला. म्हटलं, चला, बायकोची हाडं तरी भक्कम आहेत.

मग मेहुण्याला फोन केला. हिचा धाकटा भाऊ. त्याला वैद्यकीय ज्ञान फार, कारण फोनवर तो दुसरं काही वाचत नाही. तो म्हणाला, "दूध ताबडतोब बंद." थोड्या वेळाने त्याचाच फोन आला, आवाज बारीक. "भाऊजी, कॅन्सरमध्येही वाढतं म्हणे."

मी फोन ठेवला. रिपोर्ट वर्तमानपत्राखाली सरकवला. ही आतून आली, वर्तमानपत्र उचललं, रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "मी सकाळीच बघितलाय. चहा घेणार?"

२७ मार्च, गुरुवार

आमच्या घरच्या डॉक्टरांनी हिच्या कॅल्शियमच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या थांबवून परत तपासायला सांगितलं होतं. कधी कधी गोळ्यांनीही वाढतं म्हणाले. परत तपासलं. तेवढंच आहे, उलट केसभर जास्तच. त्यांनी फिजिशियनकडे पाठवलंय. "घाबरू नका, पण टाळूही नका," म्हणाले.

मी घाबरलेलो नाही. दुकानात मात्र आज एक घोळ झाला. ब्रेक नीट करायला आलेल्या सायकलला मी नवी घंटी बसवून दिली. गिऱ्हाईक घंटी वाजवत गेलं आणि लगेच परत आलं.

२ एप्रिल, बुधवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

फिजिशियन एक बाई आहेत, आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. खोली लहान. टेबल, तपासायचा पलंग, भिंतीवर मूत्रपिंडाचं चित्र. बसल्याबसल्या मी सुरू झालो. हा कॅन्सर आहे का? दूध बंद करायचं का? कॅल्शियम एवढं आहे तर हाडं दुखतात कशी? तलावातल्या औषधाच्या पाण्याने होतं का? ऑपरेशन लागेल का? त्यांनी मला सगळं संपवू दिलं. मग म्हणाल्या, "प्रश्न चांगले आहेत, सगळ्यांची उत्तरं देते. आधी यांचं ऐकू या." आणि हिच्याकडे वळून, "तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही, वय झालं."

"वय सोडून सांगा."

मग त्याच एकेक विचारत गेल्या. तहान फार लागते? हो. लघवीला सारखं उठावं लागतं? हो. पोट साफ होत नाही? हाडं दुखतात? मूतखडा कधी झालाय? विनाकारण रडू येतं, कशातच उत्साह वाटत नाही? हो, हो, हो. माझ्या कानशिलांत गरम व्हायला लागलं. हे सगळं मी बघितलं होतं. या डायरीत लिहिलंयसुद्धा. आणि सगळ्याला मिळून 'राग' असं नाव देऊन मोकळा झालो होतो.

मग डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय?"

मला वाटलं, ही कॅन्सर म्हणेल.

ही स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "माझ्या आईला शेवटी मी कोण ते कळत नव्हतं. मला नर्स समजायची. माझं तेच सुरू झालंय. वर्गातल्या माणसांची नावं आठवत नाहीत. एकदा तलावाच्या दारात उभी राहिले आणि घर डावीकडे की उजवीकडे, कळेना. यांना बोलले नाही. यांना घरातलं काही येत नाही हो. भातसुद्धा लावता येत नव्हता. म्हटलं, मला कळतंय तोवर शिकवून ठेवावं."

मी मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत राहिलो. ते चित्र आता मला डोळे मिटून काढता येईल.

डॉक्टरबाईंनी खुर्ची हिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "कॅल्शियम वाढलेलं राहिलं की डोकं जड होतं, मन खचतं, विसरायला होतं. तुमचं विसरणं त्यामुळेच आहे, असं मी आज ठामपणे सांगणार नाही. पण आईचा आजार तुम्हाला झालाय, हे तुम्हीही ठरवून टाकू नका. आधी कॅल्शियम कशाने वाढतंय ते शोधू. ते बहुतेक सापडतं."

बाहेर आलो. जिना उतरलो. मला काहीतरी बोलायचं होतं. शेवटी तोंडातून निघालं, "मशिनचा तो लाल दिवा लागला की काय करायचं, ते तू शिकवलंच नाहीस."

ही माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. भर रस्त्यात, पोट धरून. लोक वळून बघत होते. मग मीही हसलो. हसताना हिने दोनदा डोळे पुसले. माझेही पुसले असतील, धूळ फार होती.

११ एप्रिल, शुक्रवार

सापडलं!

आपल्या गळ्यात, थायरॉईडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. डॉक्टरबाईंनी चित्र काढून दाखवलं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. कॅल्शियम भरपूर झालं की त्यांनी गप्प बसायचं. हिच्या चौघींतली एक गप्पच बसत नाही. तिच्यावर गाठ आलीय. ती हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओततेय. सोनोग्राफीत दिसली, दुसऱ्या तपासणीतही त्याच जागी दिसली.

"म्हणजे हाडं भक्कम नाहीत?" मी विचारलं.

"विरळ झालीत."

माझा सिद्धांत तिथेच कोसळला. पण पुढचं ऐकायचं होतं. "आणि ती गाठ?"

"अशी गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते. कॅन्सर अगदी क्वचित, आणि यांच्या तपासण्यांत तसं काही दिसत नाही. मूतखडा होऊन गेलाय, हाडंही विरळ आहेत, त्यामुळे काढून टाकणंच चांगलं. उरलेल्या तीन ग्रंथी काम सांभाळतात."

ही चित्राकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "चौघींत एक वात्रट! माझ्या वर्गातही प्रत्येक वेळी एक असतेच." किती दिवसांनी ही वर्गाबद्दल आपणहून बोलली.

मग सर्जनना भेटलो. भला माणूस, पण फार खरं बोलतो. गळ्यात आवाजाची नस जवळ असते म्हणाले. आवाज काही दिवस बसू शकतो, क्वचित कायमचा बदलतो. मी म्हटलं, "डॉक्टर, हिचा आवाज म्हणजे..." हिने मध्येच तोडलं. ही म्हणाली, "अहो, आवाज गेला तर शिट्टी आहे की. तुम्ही संमतीच्या कागदावर सही करा, डॉक्टर तोवर माझा गळा बघतील."

२४ एप्रिल, गुरुवार

उद्या ऑपरेशन. लेक राहायला आलीय. मेहुणाही येऊन गेला. त्याने या ऑपरेशनचे व्हिडिओ बघितलेत आणि ते तो सांगायला लागला. हिने त्याच्या हातात अख्खं कलिंगड दिलं आणि कापायला बसवलं.

मी शांत आहे. स्वयंपाकघराचे सगळे डबे धुऊन ठेवले. मग आठवलं, ते सकाळीच धुतले होते.

२५ एप्रिल, शुक्रवार

झालं. नीट झालं.

बाहेरच्या खुर्च्या हिरव्या, एकीचा एक बोल्ट सैल. मी तो हाताने आवळून ठेवला. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तिसरी खुर्ची आवळताय." इतर खुर्च्यांचेही सैलच होते, म्हणून.

सर्जन बाहेर आले ते हसतच आले. गाठ काढल्यावर तिथल्या तिथे रक्त तपासलं, त्या ग्रंथीचं वाढलेलं हॉर्मोन धाडकन खाली आलं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवत राहिलो. त्यांना तो परत हवा होता हे मला उशिरा कळलं.

ही शुद्धीवर आली तेव्हा गळ्याला छोटीशी पट्टी. ओठ हलले, पण मला ऐकूच येईना. वाकलो, कान तोंडाशी नेला, तरी नुसती हवा. नर्स म्हणाली, "थांबा, मला कळतंय." तिने नीट ऐकलं आणि मला सांगितलं, "त्या म्हणताहेत, शर्ट उलटा घातलाय."

बघितलं. उलटाच होता. सकाळपासून मला कुणीच सांगितलं नव्हतं!

२७ एप्रिल, रविवार

घरी आलो. दुपारी हिच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या, बोटांनाही. माझं धाबं दणाणलं. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी हे आधी सांगूनच ठेवलं होतं. रक्तातलं कॅल्शियम आता भुकेल्या हाडांकडे धावत सुटलंय, म्हणून काही दिवस गोळ्या. आज किती वाढवायच्या ते सांगितलं, उद्या रक्त तपासायचंय. गोळ्यांनी मुंग्या गेल्या.

मेहुण्याला हे पटेना. "जे जास्त होतं म्हणून ऑपरेशन केलं, तेच आता खायला देताय?" ही काहीतरी कुजबुजली. मी विचारलं, काय? हिने कागदावर लिहून दाखवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. भावाबहिणीतलं आहे.

६ मे, मंगळवार

ही रात्रभर झोपली. एकदाही उठली नाही. उलट मीच उठून बघत होतो, श्वास चालू आहे ना.

सकाळी मी भाजी चिरत होतो. ही समोर बसून बसक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, जप वगैरे. नीट ऐकलं, तर वर्गातल्या लोकांची नावं! पहिल्या रांगेपासून. बँकेतले, त्यांच्या शेजारच्या चष्मेवाल्या बाई, मग ते जुळे भाऊ, कोण मोठा कोण धाकटा ते सुद्धा. सगळी म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. भाजी फारच बारीक चिरली गेली.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही किती घाबरला होतात!" मी? कोण म्हणालं?

१९ मे, सोमवार

आवाज आला!

मी गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत होतो. ही आतल्या खोलीत. अचानक, "अहो, दूध!"

पेपर हातातून पडला. वरच्या मजल्यावरच्या बाई नंतर सांगत होत्या, त्यांनीसुद्धा आपला गॅस बंद केला. दूध गेलं ते गेलंच, ओट्यावर तळं झालं. ही दारात उभी, तोंडावर हात, डोळे मोठे. मग तिने हात काढला आणि दूध नसतानाही परत एकदा ओरडून बघितलं. मी ओटा पुसला. एवढ्या आनंदाने मी कधी काही पुसलं नसेल.

७ जून, शनिवार

डॉक्टरबाईंकडे गेलो. कॅल्शियम जिथे हवं तिथे. रिपोर्टमध्ये ठळक अक्षर एकही नाही. मला परत परत बघावंसं वाटत होतं.

"आणि विसरणं?" त्यांनी विचारलं.

"चष्मा विसरते," ही म्हणाली. "पण तो मी विशीपासून विसरतेय. घर कुठे आहे ते पक्कं आठवतं. दमणं नाही, रडणं नाही. परवा तर भांडले."

"कुणाशी?"

"तलावाच्या व्यवस्थापकाशी. ती खुर्ची उचलून न्या म्हटलं, नेत नव्हते."

डॉक्टरबाई हसल्या. हाडं भरून यायला वेळ लागेल, तपासण्या चालू ठेवू, वगैरे सांगितलं. आम्ही उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून डॉक्टरबाईंचा आवाज आला, जरा वेगळाच. "कोच, एक विचारू?"

लहानपणी त्या विहिरीत पडल्या होत्या. लगेच काढलं होतं, पण तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की अंग थरथरतं. मुलगा रोज म्हणतो, आई, समुद्रात चल. "या वयात जमेल का मला?"

हिने पर्स परत टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. "वय सोडून सांगा," म्हणाली. "पाण्यात उतरलात की नक्की काय काय होतं?"

१५ जून, रविवार

दुकान उशिरा उघडलं. सकाळी तलावावर गेलो होतो, बाकावर बसून बघायला.

डॉक्टरबाई टोपी घालून आल्या. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. आणि प्रश्न! इथे खोली किती? पाय टेकतील? नाकात पाणी गेलं तर? छातीत धडधडतंय, हे नॉर्मल आहे का? श्वास सोडायचा की धरायचा? पाठीवर झोपले आणि कान पाण्यात गेले तर ऐकू येईल का? मला माझीच आठवण झाली. ही कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्यासमोर उभी होती आणि एकेकाचं उत्तर देत होती. घाई नाही, वैताग नाही. बँकेतले आणि जुळे भाऊसुद्धा पोहायचे थांबून ऐकत होते.

सगळे प्रश्न संपले. ही म्हणाली, "आता कठडा सोडा. माझा हात पाठीखाली आहे."

"काढणार नाही ना?"

"सांगितल्याशिवाय नाही."

त्यांनी एक बोट सोडलं, मग दुसरं. डोळे गच्च मिटून आडव्या झाल्या. ही हळूच म्हणाली, "आता हात काढतेय." त्यांनी मान हलवली. हिने दोन्ही हात पाण्याबाहेर काढून वर धरले, सगळ्यांना दिसतील असे. डॉक्टरबाई तशाच तरंगत होत्या, चेहरा आभाळाकडे, टोपीतून एक बट सुटलेली. कुणी हललं नाही. मग त्यांनी एक डोळा उघडला, हिचे वरचे हात बघितले, आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की पाणी नाकातोंडात जाऊन सरळ उभ्याच राहिल्या. खोकताहेत, हसताहेत, हिच्या खांद्याला धरलंय.

"तरंगले मी? खरंच?"

"तरंगलात की! सगळ्यांनी बघितलं."

"परत," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि या वेळी कठडा धरायलाच गेल्या नाहीत.